आवक क्रमांक एक

चोपन्नाव्या वर्षी माणसाला काय काय व्हावं, याची यादी आपल्याकडे ठरलेली आहे. कुणाला साखर होते, कुणाला नातू होतो, तर कुणाला एकदम वैराग्य येतं आणि तो पहाटे कानटोपी घालून फिरायला जाऊ लागतो. रामहरी वाघमोडे यांना हॅम व्हावंसं वाटलं.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, स्वतःचा सेट घ्यायचा आणि घरी बसून जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाशी बोलायचं. यात पैसे मिळत नाहीत, उलट जातात. बोलायचं काय, तर माझा आवाज कसा येतो आणि तुमच्याकडे हवा कशी आहे. हातात मोबाईल असताना हे कशाला, असं जुळे सोलापुरातल्या त्यांच्या अख्ख्या कॉलनीचं विचारून झालं होतं. वाघमोडे शांतपणे सांगत, "मोबाईलवर ओळखीच्या माणसांशी बोलता येतं. ओळखीच्यांशी माझं बोलून झालंय."

खरं कारण ते कुणाला सांगत नसत, कारण ते सांगताना आवाज हळवा होई आणि सरकारी माणसाला ते शोभत नाही. लहानपणी सांगोल्याच्या माळावर मेंढरं राखताना थोरला भाऊ धुळाप्पा एका टेकाडावर असे आणि हे दुसऱ्या. दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारायची, आणि मग गप्प उभं राहायचं. मधे नुसता माळ, वारा, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. बऱ्याच वेळाने पलीकडून 'ओ' यायची. त्या मधल्या वेळात पोटात जे काही होई, ते वाघमोड्यांना पुढच्या आयुष्यात परत कधी झालं नाही. लग्नातसुद्धा नाही, कारण तेव्हा बँड फार मोठ्याने वाजत होता.

एकोणतीस वर्षं ते एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक होते. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, आवक नोंदवहीत क्रमांक टाकायचा, पुढे पाठवायचं. नाही म्हटलं तरी तीनेक लाख पत्रं त्यांच्या हातून गेली असतील. त्यातलं एकही त्यांना आलेलं नव्हतं. एके दिवशी शिक्का मारता मारता हे त्यांच्या लक्षात आलं आणि शिक्का अर्धाच उमटला.

पुढे जे एक आलं, त्याचीही गंमतच झाली. घरी कुणी नसलं तर परवान्याचं पाकीट परत जाईल, या भीतीने त्यांनी अर्जात कचेरीचा पत्ता दिला होता. परीक्षा पास झाल्यावर पाकीट आलं. वाघमोड्यांनी ते फोडायला घेतलं. पण कचेरीच्या पत्त्यावर आलेला प्रत्येक कागद नोंदवहीत गेलाच पाहिजे, हा नियम त्यांनीच सगळ्यांच्या माथी मारला होता. एका साहेबांच्या मुलीच्या लग्नपत्रिकांनाही त्यांनी आवक क्रमांक दिले होते. आता स्वतःसाठी नियम मोडायचा? त्यांनी शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि पाकीट साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी ते न वाचता 'संबंधित शाखेकडे' असा शेरा मारला. हौशी बिनतारी संदेशवहन ही कुठल्याच शाखेची बाब नसल्यामुळे परवाना आस्थापनेतून लेखाशाखेत आणि लेखाशाखेतून भांडारात असा तेवीस दिवस फिरला. भांडारपालाने त्यावर 'असे साहित्य शिल्लक नाही' असं लिहिलं. शेवटी 'आवक-जावक लिपिकाने खुलासा करावा' या शेऱ्यासह तो वाघमोड्यांच्याच टेबलावर आला. वाघमोड्यांनी दीड पानी खुलासा लिहिला, तो रीतसर जावक केला आणि मगच परवाना पिशवीत घातला.

त्यावर त्यांची कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, छापलेली होती. व्हीयू थ्री आणि पुढे तीन अक्षरं. ही ओळख जगात दुसऱ्या कुणाची नाही, हे आठवून ते त्या दिवशी सिटी बसमध्ये उगाच ताठ बसले होते.

आता सेट घ्यायचा होता, आणि इथे त्यांच्या पत्नीचा, मायाक्कांचा, संबंध आला.

घरात तीन वर्षं घरघंटी घ्यायचं चाललं होतं. तशी पिठाची गिरणी शेजारीच होती, सिद्धप्पांची. पण मायाक्कांचं म्हणणं असं, की तिथे ज्वारी आपली जाते आणि पीठ गल्लीचं येतं. बाजूला ठेवलेले पैसे एकाच वस्तूपुरते, आणि वस्तू दोन.

"घरघंटी दळती तरी," मायाक्का म्हणाल्या. "तुमचं खोकं काय करनार?"

"बोलणार."

"कुनाशी?"

"ते आधी कळत नाही. तीच तर मजा आहे."

तीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून 'मजा' हा शब्द मायाक्का पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या थोड्या विरघळल्या, पण सगळ्या नाहीत.

"घ्या मग. पन संक्रांतीपतूर येक जरी मानूस तुमच्याशी बोलला न्हाय, तर खोकं इकायचं आन घरघंटी आनायची. कबूल?"

"कबूल."

हे कबूल भिंतीपलीकडे सिद्धप्पांनीही ऐकलं. एका घरात घरघंटी आली की ती गोवरासारखी गल्लीभर पसरते, हे गिरणीवाल्याला कुणी सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून वाघमोड्यांच्या रेडिओला सोलापुरात एक सच्चा हितचिंतक लाभला.

कुठला सेट घ्यावा याबद्दल कॉलनीत ज्याला ज्याला त्यातलं काही कळत नव्हतं, त्या प्रत्येकाने सल्ला दिला. उचलली जीभ लावली टाळ्याला. सोसायटीचे अध्यक्ष कुंडलिकराव, निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले, "ब्लूटूथवाला घ्या, भजनं लावता येतात." सिद्धप्पा म्हणाले, "साहेब, जड बघून घ्या. हलक्या वस्तूत दम नसतो." शेवटी वाघमोडे मंगळवार पेठेत गुरुअण्णांकडे गेले. गुरुअण्णांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. जळक्या मोटारी आणि तांब्याच्या तारांच्या ढिगात बसून ते वीस वर्षं हॅम होते.

"नवा मोठा सेट पायजे तर मोटरसायकल इकावी लागंल," गुरुअण्णा म्हणाले.

"माझ्याकडे मोटरसायकल नाही."

"मग आदी घ्या, मग इका." त्यांनी खणातून मुठीत मावेल एवढा एक सेट काढला. "आन सस्तात सस्ता म्हंजे ह्यो. नवशिक्याला समदे ह्योच घ्यायला सांगत्यात. पन ह्येचा आवाज जातो चार-पाच किलोमीटर. तेवढ्यात असा सेट चालू ठेवून बसलेला मानूस कोन? मी. म्हंजे तुमी माझ्याशी बोलनार. मग आता काय करतोय आपन?"

वाघमोड्यांना ते पटलं. गुरुअण्णा माणूस चांगला, पण त्यांच्याशी बोलायला सरकारची परीक्षा देण्याची गरज नव्हती.

"येक ध्यानात ठेवा," गुरुअण्णा म्हणाले. "पयला सेट चुका सोसनारा पायजे. नवा नाजूक असतो, तुमी चुकला की रुसतो. जुना म्हनतो, असू दे, गडी नवा हाय. नातेपुत्याला आमचे येक मास्तर हुते. गेल्या साली गेले. त्यांचा सेट तसाच हाय बघा. त्यो कोलंबोपतूर जायचा."

कोलंबो हा शब्द वाघमोडे घरी येईपर्यंत मनात घोळवत राहिले.

पुढच्या रविवारी चार तास एसटीत बसून ते नातेपुत्याला पोचले. मास्तरांच्या पत्नी सोजरबाई सत्तरीच्या होत्या. सेट खोलीतल्या टेबलावर होता, वर विणलेला रुमाल. एक बटण गेलेलं, तिथे मास्तरांनी टूथपेस्टचं टोपण बसवलेलं. धुळीचा कण नव्हता.

"रोज पुसती मी," सोजरबाई म्हणाल्या. "कशाला ते मलाबी ठावं न्हाय. चाळीस वर्सं रोज तिनीसांजेला दार लावून हितं बसायचे. आतनं नुसता आवाज यायचा. इंग्रजीत. मी भाईर ज्वारी निवडत बसायची. वाटायचं, जगाचं काय काय मोठं बोलत असतील. येकदा इचारलं, काय बोलता वो? तर म्हनले, तुला न्हाय कळायचं."

पैशाचं बोलणं दोन मिनिटांत झालं. त्यांनी इतकी कमी किंमत सांगितली, की वाघमोड्यांनाच शरमल्यासारखं झालं. मग सोजरबाई म्हणाल्या, "पन माझं येक काम करा, भाऊ. ह्यातनं कुनी तुमच्याशी बोललं, की मला फोन करा आन काय बोललं ते मराठीत सांगा. तेवढं येकदा ऐकायचं हाय मला."

येताना एसटीत ते खोकं मांडीवर होतं आणि वजनाला पाच वर्षांच्या पोराएवढं भरत होतं. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं. शेजारच्या पागोटेवाल्याने विचारलं, "मिक्सर का?" वाघमोडे म्हणाले, "रेडिओ. बोलतो." "मग बोलवा की," पागोटेवाला म्हणाला आणि करकंबला उतरून गेला. खिडकीबाहेर उसाच्या तुऱ्यांवर ऊन उतरत होतं. वाघमोड्यांनी खोक्यावर गाल टेकला. सेट बंद होता, तरी आत कुठेतरी लांबून माणसं बोलतायत असं त्यांना वाटत राहिलं, आणि सोलापूर येईस्तोवर ते त्या न आलेल्या आवाजांना मनातल्या मनात ओ देत राहिले.

सेट आला, म्हणजे आता अँटेना. गुरुअण्णांचा हुकूम होता: तीस फुटी काठी उभी करा आणि तिच्या टोकापासून दोन बाजूंना दोन तारा उतरत्या ताणा. सोसायटीच्या परवानगीशिवाय कुंपणात खिळासुद्धा न मारणारे वाघमोडे कुंडलिकरावांकडे अर्ज घेऊन गेले. छापील अर्जात रकाने चार: पाण्याची टाकी, सोलर, डिश आणि मोबाईल टॉवर.

"'इतर' नाही का?" वाघमोड्यांनी विचारलं.

"इतर ठेवलं की लोक काहीही करतात," कुंडलिकराव म्हणाले, आणि त्यातल्या त्यात जवळचं म्हणून त्यांनी मोबाईल टॉवरपुढे खूण केली.

संध्याकाळपर्यंत कॉलनीत बातमी पसरली, की वाघमोड्यांकडे टॉवर येतोय आणि कंपनी महिन्याला तीस हजार भाडं देणार आहे. अर्धी कॉलनी किरणांबद्दल भांडायला आली. उरलेली अर्धी, टॉवर आमच्याच गच्चीवर बसवा, म्हणून. कोपऱ्यावरच्या एका बाईंचं डोकं तर आठ दिवस दुखत होतं, आणि काठी अजून अडत्याच्या वखारीत होती. शेवटी सर्वसाधारण सभा भरली. वाघमोड्यांनी उभं राहून सांगितलं, की हा टॉवर नाही, याचं भाडं येत नाही, येणारही नाही. मग एकेक जण उठून गेला. ज्याचं भाडं येत नाही, त्यातून किरणं तरी काय येणार, असा लोकांनी विचार केला असावा. त्या रात्री बाईंचं डोकं दुखायचंही थांबलं. वाघमोड्यांना मात्र ते लागलं. धोकादायक माणूस म्हणून त्यांच्याकडे पहिल्यांदाच कुणी बघत होतं, आणि तेही आठ दिवसांत संपलं.

काठी सिद्धप्पांनी आणली. सिद्धप्पा अक्कलकोटकडचे, तोंडात कानडी, अंगावर पीठ, आणि कमरेत रग अशी की संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाची उंचच उंच काठी कमरेच्या पट्ट्यात तोलून चालणाऱ्यांत ते बावीस वर्षं होते. अशा माणसाच्या हातून काठी नुसती उभी राहणं शक्य नव्हतं.

"साहेब, हात जोडल्याबिगर उंच काठी उबी करायची न्हाय."

"अहो, अँटेना आहे ती."

"हौद, हौद," सिद्धप्पा कानडीत हो म्हणाले. "असू दे की. काठी ती काठीच."

हळद लागली, नारळ फुटला, झेंडूची माळ चढली आणि मगच काठी वाघमोड्यांच्या अंगणात उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून दळणाला जाणाऱ्या बाया तिला हात जोडू लागल्या. एकीने तर गूळखोबरं ठेवलं. वाघमोड्यांनी दोनदा समजावून सांगितलं, मग नाद सोडला. नमस्काराने अँटेनाचं काही बिघडत नाही, असं गुरुअण्णांनीही फोनवर सांगितलं.

आणि संध्याकाळी साडेपाचला कचेरीतून आलं, की वाघमोडे खिडकीपाशी बसून हाक मारू लागले. "सीक्यू, सीक्यू, सीक्यू." सीक्यू म्हणजे कुणीही बोला. मग आपली कॉलसाइन. मग गप्प.

या वेळेची एक गंमत आहे. गुरुअण्णांनी सांगितलं होतं, की दिवस मावळतो आणि रात्र अजून पुरती आलेली नसते, त्या अर्ध्या-पाऊण तासात आवाज फार लांब जातात. वाघमोडे टूथपेस्टचं टोपण हळूहळू फिरवत. खरखरीतून माणसं वर येत आणि पुन्हा बुडत. कुणी केरळातला आपल्या केळीच्या बागेबद्दल सांगत असे. कुणी म्हातारा खोकत खोकत दुसऱ्या म्हाताऱ्याला विचारत असे, डोळ्याचं ऑपरेशन झालं का. खिडकीबाहेर आभाळ आधी तांबूस, मग जांभळं होई. वाघमोड्यांना वाटे, आपण पुन्हा त्या माळावर आहोत, आणि माळ आता समुद्राच्याही पलीकडे गेलाय. ऐकता ऐकता चहा गार होई. फक्त एकच झालं नाही. त्यांच्या हाकेला कुणी ओ दिली नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. लॉगबुक, म्हणजे बोलणं झालेल्या माणसांची वही, त्यांनी आवक नोंदवहीसारखी आखून ठेवली होती: क्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, शेरा. ती कोरी होती.

"येतंय पन जात न्हाय, म्हंजे भोवतीच्या इमारती आडव्या येत्यात," गुरुअण्णा म्हणाले. "मोकळ्यावर पायजे." पण पुरलेली काठी मोकळ्यावर कशी न्यायची?

संक्रांत तीन दिवसांवर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरघंटीवाला यायचा होता. भोगीच्या भाकरीची बाजरी घरीच दळायची, असं मायाक्कांनी ठरवून टाकलं होतं. वाघमोड्यांनी कबूल केलं होतं, आणि कबूल ते कबूल. रविवार होता. शेवटचं बसावं म्हणून ते पाच वाजता अंगणात आले, तर काठी नव्हती.

नुसता खड्डा होता. तारा सोडवून, नीट वेटोळं करून कठड्यावर ठेवल्या होत्या आणि वर एक झेंडूचं फूल.

वाघमोडे आयुष्यात प्रथमच ओरडले. सिद्धप्पा गिरणी चालू टाकून पळत आले, खड्डा पाहिला आणि कपाळावर हात मारला. कपाळ पांढरं झालं. "येप्पा! सरावाची पोरं!"

यात्रेआधी नंदीध्वज तोलण्याचा सराव चालतो. कॉलनीमागच्या मैदानावर शिवराज नावाच्या गड्याचा गट महिनाभर तेच करत होता. त्या दुपारी त्यांची सरावाची काठी मधोमध तडकली. सिद्धप्पांच्या घराला लागून हळद लागलेली, माळ घातलेली, बाया रोज पाया पडतात अशी काठी उभी. ती सिद्धप्पांचीच, यात कुणाला शंका यावी? रीतसर पाया पडून त्यांनी ती उपटली.

वाघमोडे आणि सिद्धप्पा मैदानावर पोचले, तेव्हा शिवराज ती काठी कमरेला तोलून चालत होता आणि बाकीचे 'हर्र बोला हर्र' म्हणत होते.

"अहो, ती अँटेना आहे!" वाघमोडे म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला.

शिवराजने काठी कशीबशी उतरवली. "आमी पाया पडलो की हिच्या."

कुणी हसलं. वाघमोडे मात्र मावळतीकडे बघत होते. सूर्य पाण्याच्या टाकीला टेकला होता. काठी परत न्यायची, पुरायची, तारा ताणायच्या म्हणजे तास गेला. तेवढ्यात ती वेळ निघून जाणार होती, आणि उद्या सकाळी घरघंटी. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं आणि ते तिथेच एका दगडावर बसले.

तेवढ्यात मैदानावर सिद्धप्पांचा दळणाचा टेम्पो आला. चालवत होते कुंडलिकराव, सोसायटीची मंजूर काठी हद्दीबाहेर कशी गेली याची चौकशी करायला. शेजारी मांडीवर खोकं आणि खांद्यावर तारांची वेटोळी घेऊन मायाक्का बसल्या होत्या.

"तू कशाला आलीस?" वाघमोड्यांनी विचारलं.

"दोन म्हैनं ऐकती मी चुलीपाशी," मायाक्का म्हणाल्या. "रोज हाका मारता आन कुनी ओ देत न्हाय. मीबी माळावरचीच हाय. हाक मारून ओ आली न्हाय तर कसं हुतं, मला ठावं हाय. मला न्हाय ऐकवत आता. घरघंटी उद्याच्याला हाय, आज अजून सरला न्हाय. लावा त्ये."

वाघमोडे दगडावरून उठले. सिद्धप्पांनी सदरा झटकला, शिवराजकडून पट्टा घेऊन कमरेला आवळला आणि म्हणाले, "पुरायची कशाला काठी? मी हाय की!"

टेम्पोची बॅटरी सेटला जोडली. तारा टोकाला बांधल्या. चार गडी तारांना बांधलेल्या दोऱ्या ताणून दोन बाजूंना उभे राहिले. तारेला हात लावायचा नाही, असं कुंडलिकरावांनी त्यांना वर्गात सांगावं तसं तीनदा सांगितलं. सिद्धप्पांनी नमस्कार केला आणि तीस फूट काठी एका झटक्यात कमरेवर घेतली. ती थोडी डुलली, मग त्यांच्या श्वासाबरोबर स्थिर झाली. आभाळ जांभळं व्हायला लागलं होतं.

"सीक्यू, सीक्यू, सीक्यू." वाघमोड्यांनी कॉलसाइन सांगितली. आणि गप्प झाले.

खरखर. लांबवर कुठेतरी कुत्रं भुंकलं. वाघमोड्यांच्या पोटात ते झालं, ते चाळीस वर्षांपूर्वीचं.

आणि त्या खरखरीतून एक आवाज वर आला. अनोळखी, जाडसर, थोडा गाणं म्हटल्यासारखा. तो त्यांची कॉलसाइन म्हणत होता. जगात दुसऱ्या कुणाची नसलेली ती तीन अक्षरं परक्या माणसाच्या तोंडात किती छान वाटत होती!

पहिल्या संभाषणासाठी वाघमोड्यांनी दोन पानांचा मसुदा करून ठेवला होता, वर 'विषय' आणि 'संदर्भ' घालून. तो घरी राहिला होता. पलीकडचे गृहस्थ परेरा, श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यात कारकून. त्यांनी इंग्रजीतून सांगितलं, की आवाज स्वच्छ येतोय, इकडे आत्ताच पाऊस पडून गेलाय. तिकडे हवा कशी आहे? वाघमोडे म्हणाले, कोरडी आहे, थोडी थंडी. मग परेरांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, तुमची अँटेना कुठली?

खोटं लिहायची-बोलायची सवय नव्हती. "सिद्धप्पा," वाघमोडे म्हणाले.

परेरा थबकले. हा प्रकार त्यांनी ऐकला नव्हता. उंची किती?

"पाच फूट सात इंच. त्याच्यावर बांबू."

त्यांनी मग सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. समुद्रापलीकडून हसण्याचा आवाज आला, एकदा मोठा, मग खरखरीत विरत विरत. शेवटचं एवढंच कळलं, की अँटेनाला माझा नमस्कार सांगा.

मैदानावर एकच गलका झाला. शिवराजच्या गटाने 'हर्र बोला हर्र' केलं. मायाक्कांनी पदराखालून लॉगबुक काढून पुढे केलं. वाघमोड्यांनी लिहिलं: आवक क्रमांक एक. कोणाकडून: परेरा. विषय: हवा. शेऱ्याच्या रकान्यापाशी ते थांबले. तिथे कागदावर एक थेंब पडला, तोच राहिला.

"त्या नातेपुत्याच्या बाईला लावा आदी," मायाक्का म्हणाल्या.

फोन लागला. "मावशी, बोललं कुणीतरी."

"व्हय? कोन?" सोजरबाईंचा आवाज एकदम जवळ आला. "काय बोललं वो?"

"माझा आवाज कसा येतो ते सांगितलं. मग म्हणाले, त्यांच्याकडे पाऊस पडून गेला. आमच्याकडे हवा कशी आहे ते विचारलं."

"आन?"

"आणि काही नाही, मावशी. एवढंच असतं."

फोन कटला की काय म्हणून वाघमोड्यांनी तो कानापासून काढून पाहिला. मग सोजरबाई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला.

"चाळीस वर्सं हवा इचारत हुते व्हय! अवं, मग मला इचारायची की. मी हुते की दाराभाईर. मी सांगितली असती हवा."

वाघमोड्यांनी फोन खिशात ठेवला. मायाक्का टेम्पोच्या फळीवर बसून उरलेल्या दोरीचं टोक उगाच गुंडाळत होत्या. चुलीपाशी दोन महिने बसून त्यांनी सगळ्या हाका ऐकल्या होत्या. वाघमोडे त्यांच्याजवळ जाऊन बसले. जरा घसा साफ केला.

"माया," ते म्हणाले, "हवा कशी आहे?"

मायाक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे पाहिलं, अगदी खरं उत्तर द्यायचं असल्यासारखं.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. "जरा गार पडलंय. घरघंटीवाल्याला उद्या येऊ नगं म्हनून सांगते."

दोघं तसेच बसून राहिले. अंधार होत आला होता आणि मैदानाच्या मधोमध काहीतरी पांढरं अजून हललं नव्हतं.

"साहेब," तिकडून आवाज आला, "झालं आसंल तर काठी टेकवू का? आन वयनी, भोगीचं दळण पयलं तुमचंच हां! गिरणी झाडून घेतो!"